कापायची जागा

चौथं गाणं मध्येच थांबलं. प्रेमदासनं हेडफोनची वायर हलवून पाहिली. वायर ठीक होती. नवरीनं ‘भिया’ अशी हाक मारली होती, म्हणजे दादा, आणि त्यानंतर काहीच नव्हतं. कुठंतरी एक बकरी ओरडली. कुणीतरी खाकरलं. बऱ्याच वेळानं चपला वाजल्या आणि गाणं पुढं सुरू झालं. त्यानं टाइप केलं : ‘संकलन ढिसाळ आहे. हा रिकामा भाग कापायला हवा होता.’

वसमतच्या मोंढ्यामागे एका खोलीत राहून तो एका दैनिकाच्या पुरवणीसाठी दर आठवड्याला अल्बमची परीक्षणं लिहायचा. गझल, जाझ, रॅप, नाट्यगीतं, भजनं, कर्कश गिटारांचे परदेशी बँड. कुठलाच प्रकार त्याला वर्ज्य नव्हता आणि कुठलाच आपला नव्हता. मजकूर वेळेत जायचा, त्यात चूक सापडायची नाही. खोलीत मात्र गाणं कधी वाजत नसे. सगळं त्याच्या कानांतच.

“दिवसभर कानात काय कोंबून बसून राहता?” घरमालकीण जनकाबाई दारातून विचारायच्या. “एखादं आमाला बी ऐकवा की! का गाण्याला बी भाडं लागते?”

तो हसायचा आणि दार लोटून घ्यायचा.

या वेळचा अल्बम कळमनुरीकडच्या बंजारा तांड्यांवरच्या लग्नगीतांचा होता. प्रेमदास तांड्यावरचाच. पण आधी आश्रमशाळा, मग वसतिगृह, मग पुण्यातली नोकरी. लग्नसराईत तो कायम दुसरीकडं. सासरी निघालेली मुलगी घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत जे गाते, तो ढावलो त्यानं लहानपणी लांबून ऐकला होता. जवळून ऐकला तो आता, हेडफोनमधून.

मजकूर पाठवण्याआधी नावं तपासून घ्यायची त्याची पद्धत होती. त्यानं ही गाणी गोळा करणाऱ्या वैष्णवीला फोन लावला. नरसीच्या एका शेतकऱ्याची ही मुलगी दोन वर्षं रेकॉर्डर घेऊन तांडे फिरली होती. नावं झाली. मग तो म्हणाला, “चौथ्या गाण्यात मध्येच आवाज गेलाय. तेवढं कापून घ्या.”

“कापू काहून, सर? आवाज गेला न्हाई. नवरी थांबलीय.”

“कशासाठी?”

“भावासाठी. ज्याला हाक मारली त्यानं पुढं यायचं, तिला जवळ घ्यायचं. मगच पुढचं कडवं. तिचा भाऊ वारंगा फाट्यावर अडकला होता, गाडी भेटंना त्याला. मी म्हणलं, सोडा त्याला, पुढं गा. तर बाया माझ्यावरच खेकसल्या. सगळा मांडव उभा राहिला, सर. ते चपलांचं वाजते ना, तो आला तवाचं आहे. तुमी तर तांड्यावरचेच ना? मला वाटलं, तुमाला ठाऊक असन.”

प्रेमदासनं फोन ठेवला आणि संकलनाबद्दलची दोन्ही वाक्यं खोडली. त्यांच्या जागी काही सुचेना.

त्यानं गाणं पुन्हा लावलं. तो रिकामा भाग आला तेव्हा त्याला शितल आठवली. धाकटी बहीण. तिच्या लग्नाच्या दिवशी तो पुण्यात एका संगीत महोत्सवात होता. वृत्तांत त्याच दिवशी जायचा होता. लग्नं काय कुणावाचून अडत नाहीत, असं त्यानं तेव्हा ठरवून टाकलं होतं. पण शितलनंही ‘भिया’ म्हणून हाक मारली असणार. तिथंही बाया थांबल्या असणार, कुणीतरी रस्त्याकडं बघितलं असणार. जगात एका ठिकाणी, थोडा वेळ का होईना, आपली वाट पाहिली गेली होती. त्याला शरम वाटली, आणि त्या शरमेखाली बऱ्याच वर्षांनी काहीतरी उबदार वाटलं.

शितलचं सासर सकाळच्या एसटीनं दुपारपर्यंत पोचता येईल इतक्या अंतरावर होतं. तो कधी गेला नव्हता. त्यानं नंबर लावला.

“कोण वारलं?” तिनं पहिलंच विचारलं.

“कुणी नाही. सहज केला.”

“सहज?” ती हसली. “बोला लवकर. हळद शिजून राहिली, कढईपाशी कोणी न्हाई.”

तो घरच्या बोलीत सुरू झाला, दोन वाक्यांत अडखळला आणि मराठीवर आला. तीही मराठीतच बोलत राहिली, जशी ती तलाठ्याशी बोलली असती.

“तुझ्या लग्नात,” तो म्हणाला, “ढावलो म्हणताना. माझी हाक आली तेव्हा किती वेळ थांबली होतीस?”

पलीकडं लाकडं तडतडल्याचा आवाज येत राहिला. तिनं कुणाला तरी ओरडून जाळ कमी करायला सांगितलं.

“शितल?”

“थांबले न्हाई.”

“म्हणजे, लगेच पुढं गायलीस?”

“हाकच मारली न्हाई. याडीनंच सांगितलं होतं आदल्या दिवशी, तेवढं कडवं सोडून दे म्हणून.”

“आईनं? का?”

“का काय?” तिच्या आवाजात राग नव्हता. “हाक मारली असती, तर मी आजबी मांडवातच उभी असते, भिया.”