उरलेल्या दोन विटा

गुढियारी वस्तीतल्या एका पडक्या क्वार्टरच्या भिंतीवर यशदीपनं बहिणीला रंगवलं होतं: स्केटबोर्डवर, दोन्ही पाय फळीवर, केस मागं उडालेले. खरी रुचिता त्याच स्केटबोर्डवरून पडल्यापासून महिनाभर बेशुद्ध होती; डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिला घरी आणलं होतं.

रोज सकाळी भिंतीवरची रुचिता एक वीट पुढं सरकलेली असायची. पुढं भिंत तुटलेली होती. ती जितकी सरके, तितका खाटेवरचा श्वास बारीक होई.

दोनच विटा उरल्या, तेव्हा त्याला स्वतःची चूक दिसली. स्केटबोर्डला ब्रेक नसतो. थांबायला एक पाय जमिनीला घासावा लागतो, आणि त्यानं तिचे दोन्ही पाय फळीवर काढले होते.

त्यानं उजवा पाय खरवडून नवा काढला, जमिनीला टेकलेला. बुटापुरता काळा रंग उरला नव्हता, म्हणून अनवाणीच.

"थांब ना वं, रुचिता," तो रडत म्हणाला.

फोन वाजला. आई होती.

"यश, पोट्टी तर जागची हालली नाही. मग तिचा तळपाय काहून सोलून राहिला? सिमेंट रुतलं आहे रे त्यात!"

त्यानं भिंतीकडं पाहिलं. अनवाणी पायामागं लांब लाल रेघ ओढली गेली होती. लाल रंग त्यानं आणलाच नव्हता.

पुढं एकच वीट उरली होती.