विचारणारी

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही केल्या विझेना. वायरी, सेन्सर सगळं पालथं घातल्यावर मेकॅनिकला दोष सापडला तो थेट इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये.

"आजोबा, ह्या डब्यात दोन चिप असतात. एक दुसरीला सारखी विचारत असते, 'ठीक आहेस ना?' उत्तर धड आलं नाही, की ती दिवा लावते. तुमच्या गाडीतली उत्तर देणारी बिघडलीय."

"आणि विचारणारीच गेली तर?"

मेकॅनिकला हसू आलं. "मग दिवा लावणार कोण? आत काही का बिघडेना, बाहेरून गाडी ठणठणीत!"

आजोबा हसले नाहीत.

"तरीच," ते म्हणाले, "आमची ही गेल्यापासून जो भेटतो तो म्हणतो, तुम्ही अगदी ठणठणीत दिसता."