दीड मिनिट

"बाहुली रबराची आहे हो, तुमची लेक नाही!" मोठ्या ताईंनी त्या लठ्ठ गृहस्थांना सगळ्यांदेखत सुनावलं. "दारात उभं राहून पापे कसले घेताय तिचे?"

विमानाच्या शेडमध्ये जमलेले लोक खो खो हसले. गृहस्थही ओशाळून हसले. मघाशी त्यांनीच "माझी छकुली! माझी छकुली!" असा टाहो फोडत घसरगुंडीच्या तोंडाशी सगळी रांग तुंबवली होती, आणि कंपनीचं नवंकोरं विमान पहिल्या चाचणीत नापास झालं होतं.

ताईंना हसू येत नव्हतं. हे मोठं जेट विमान कंपनीने गाजावाजा करून आणलं खरं, पण प्रवासी घेऊन उडण्याआधी एक गोष्ट सरकारी तपासनिसाला दाखवून द्यायची होती. काळोखात, निम्मी दारं बंद असताना, भरलेलं विमान दीड मिनिटात रिकामं झालं पाहिजे. प्रवासी म्हणून नोकरांचेच नातेवाईक गोळा केले होते. लहान मुलांना मनाई होती, म्हणून त्यांच्या जागी तीन बाहुल्या, कंपनीच्या निळ्या ब्लँकेटात गुंडाळून चिकटपट्टीने बंद केलेल्या.

"आणखी एकदा," तपासनीस घड्याळ पुसत म्हणाला. "मग मी निघालो."

कंपनीच्या साहेबांनी ताईंना बाजूला घेतलं. "हे विमान उडालं तर तुमच्या पोरी नोकरीत राहतील. नाही तर त्यांच्यासाठी वर बोलायला मला तोंड उरणार नाही."

पोरी म्हणजे या विमानासाठी ताईंनी निवडून, रागावून, समजावून तयार केलेल्या चाळीस हवाईसुंदरी. कुणी बापाच्या औषधपाण्यासाठी आलेली, कुणी घर सोडून. ताईंना स्वतःचं मूल नव्हतं. विचारलं की म्हणायच्या, चाळीस आहेत की, आणखी कशाला? आपल्यामुळे पोरी रस्त्यावर येणार, ही भीती त्यांना आतून पोखरत होती.

तशा त्या मायाळू. बाहेरच्या खोलीत नातवंडं सांभाळत बसलेल्या म्हाताऱ्यांना गारठा लागतो, हे त्यांच्याच लक्षात आलं होतं. कोठारातली निळी ब्लँकेटं त्यांनीच तिकडे पाठवली होती. पण आता मायेला सवड नव्हती.

"नीट ऐका!" त्या खुर्चीवर चढून ओरडल्या. "ओरडा, रडा, खरं वाटू द्या, पण पाय हलवा! दारात कुणी घुटमळलं तर बाहुली मी स्वतः खाली फेकीन. आणि आता कुणी परत जायचं नाही. एक माणूस कमी पडलं तरी चाचणी बाद!"

लोक पुन्हा जिन्याने चढू लागले. बाहुल्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या होत्या.

"ताई, एक मिनिट ऐकता का?"

आवाज सामान चढवणाऱ्या एका कामगाराच्या बायकोचा होता. पहिल्या फेरीत तिसरी बाहुली तिच्याकडेच होती. ताईंची नजर खाली उभ्या तपासनिसावर होती. तो सारखा घड्याळात बघत होता.

"सासूबाईंना चक्कर आली हो. त्यांना आत्ताच घरी पाठवलं, ह्यांच्याबरोबर. आता माझं..."

"मग सुटलात की आजच्या दिवस!"

मागचे हसले.

"तसं नाही ताई, ऐका तरी..."

"नंतर. सगळं नंतर ऐकते, बाई. पाया पडते तुमच्या, पण आधी जागेवर बसा."

बाई क्षणभर घुटमळली. मागून कुणीतरी "चला हो पुढे" म्हणालं. ती आत गेली.

दिवे गेले. भोंगा वाजला आणि एकच कल्लोळ उसळला. ताईंनी दार उघडलं, रबरी घसरगुंडी फुगून खाली झेपावली. "उडी मारा! उडी!" माणसं धपाधप खाली जाऊ लागली. लठ्ठ गृहस्थ बाहुली काखोटीला मारून असे सुटले, की ताईंना त्यांची पाठ थोपटावीशी वाटली. सगळं लोण्यासारखं चाललं होतं.

आणि रांग अडली. कामगाराची बायको दारात फतकल मारून बसली होती, निळं गाठोडं दोन्ही हातांनी पोटाशी आवळून.

"उठा! उडी मारा!"

"अहो थांबा! मला हळूच जाऊ द्या! माझं बाळ आहे हो!"

हिला तर नाटकात घ्यायला हवं, ताईंच्या मनात आलं. मागचे लोक रेटत होते. भोंग्यात धड काही ऐकू येत नव्हतं. चाळीस पोरींचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. त्यांनी गाठोड्याला हात घातला. बाईची पकड सुटेना, तेव्हा हिसडा मारला आणि ते खाली भिरकावून दिलं.

बाईने काळीज चिरणारी किंकाळी फोडली आणि त्यामागे स्वतःला झोकून दिलं. अशीच उडी हवी होती. रांग पुन्हा वाहू लागली.

दिवे आले तेव्हा तपासनीस हसत होता. त्याने अंगठा वर केला. विमान पास झालं होतं. दारातल्या पोरी ताईंच्या गळ्यात पडल्या आणि ताई, ज्यांना कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं, हुंदके देऊन रडल्या.

"जा, खाली जा सगळ्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आलेच मी."

घसरगुंडीच्या पायथ्याशी गर्दी जमली होती, गलका चालला होता. आनंदच तेवढा होता.

"ताई!" खालून एका पोरीने हाक मारली. "ताई, लवकर खाली या!"

"आले गं!"

पण विमान रिकामं झाल्यावर प्रत्येक आसनाखाली वाकून पाहिल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हा ताईंचा जन्माचा नेम. आजही त्यांनी तो मोडला नाही. विजेरी फिरवत, पदराने नाक पुसत, त्या रांगेमागून रांग बघत गेल्या.

शेवटून चौथ्या रांगेत, कामगाराच्या बायकोच्या आसनाखाली, निळ्या ब्लँकेटात गुंडाळलेली तिसरी बाहुली चिकटपट्टीसकट तशीच पडली होती.