हमखास येणारा प्रश्न

कॉलेजजवळच्या आपल्या बाइंडिंगच्या दुकानात नोट्सना स्पायरल लावण्याआधी मावशी प्रत्येक गठ्ठ्याचं शेवटचं पान बघून घ्यायच्या. एकदा कुणाचा तरी अख्खा इतिहास उलटा बांधला गेला होता, तेव्हापासूनची ही सवय.

सोमवारी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या पानावर, महत्त्वाच्या प्रश्नांत एक भलताच प्रश्न दिसला : ‘बाइंडिंगवाल्या मावशी दुकानाचं मागचं दार का उघडत नाहीत?’ त्या दाराबद्दल मावशी कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या. तरी कार्ट्यांची थट्टा म्हणून त्या हसल्या.

मंगळवारी तोच प्रश्न अर्थशास्त्रात. मुलगी वेगळी, अक्षर वेगळं.

"हे कुणी सांगितलं गं लिहायला?"

"वर्गात सांगितलं, मावशी. पाच गुणांना हमखास येणार म्हणे."

बुधवारी भूगोल, भौतिकशास्त्र, कायदा. उत्तराची जागा सगळ्यांनी कोरी सोडलेली. मावशींचं कशात लक्ष लागेना, भोकं वाकडी पडू लागली. शेवटी त्यांनी कागद कापायचं जड मशीन ओढत नेलं आणि मागच्या दाराला टेकवून ठेवलं.

गुरुवारी भरदुपारी मानसशास्त्राच्या नोट्स घेऊन एक मुलगी आली. मावशींनी घाईघाईनं शेवटचं पान काढलं. प्रश्न बदलला होता : ‘मावशींनी मागचं दार का उघडलं?’

"मी कुठं उघडलंय?" मावशींचा आवाज चढला. "सकाळपासून इथून हललेसुद्धा नाही मी!"

मुलीनं मावशींच्या खांद्यावरून मागे नीट पाहून घेतलं. मग पेनाचं टोपण काढलं, पान स्वतःकडे ओढलं आणि कोऱ्या जागेत भराभरा उत्तर लिहायला घेतलं.