उजवा दिवा

अख्ख्या शहराला गोलकीपर दिसत होती. दिसत नव्हती ती एकट्या ड्रायव्हरला, आणि तो तिचा बाप होता.

ती बरोबर त्याच्या डोक्यावर होती. बिनछपराच्या दुमजली बसवर जिंकून आलेला हॉकीचा सगळा संघ उभा, मधोमध कप, आणि खाली केबिनमध्ये हा. त्याच्या वाट्याला समोरचा रस्ता आणि शेजारी बसलेले संघटनेचे सचिव. ते सारखे घड्याळ बघून सुस्कारे टाकत होते. विमानतळावर पोरी मागच्या दारानं वर चढल्या. ड्रायव्हरनं जागेवरून हलायचं नाही, असा हुकूम होता. आरशात त्याला फक्त बॅगा दिसल्या.

चार महिने झाले होते पोरीला बघून. आधी शिबिर, मग परदेश. टीव्हीवर दिसलं ते तिचं हेल्मेट. आता ती एका पत्र्यापलीकडे होती.

सकाळी डबा भरताना बायको म्हणाली होती, "अहो, साहेबांना सांगा ना, तुमचीच मुलगी आहे म्हणून. मानानं वर बसवतील."

"मला वर बसवतील आणि गाडी देतील दुसऱ्या पाळीतल्या त्या घाईखोराला. तो ब्रेक मारतो की सूड उगवतो तेच कळत नाही. वर पोरी नाचणार. कठडा धरायचं भान कुणाला असणार आहे?"

"मग बसा खड्डे बघत. पोरीला काय, जग बघेलच."

बायकोचं खरं होतं आणि त्याचंही खरं होतं. अशा वेळी डबा उचलावा आणि निघावं. तो निघाला. पोरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं; तिच्या मते बाबा आईबरोबर स्टेडियममध्ये जागा धरून बसले असणार.

गाडी मात्र त्यानं अशी चालवली की वर कुणाच्या पोटातलं पाणी हलू नये.

बाजाराच्या रस्त्यावर उजव्या हाताला बँकेची इमारत आली. पाच मजले, रस्त्याकडे जरा तिरकं तोंड, सगळी काच, रविवार म्हणून बंद. डेपोतले ड्रायव्हर सकाळच्या पहिल्या फेरीला या काचेसमोर जरा थांबतात आणि आपल्या गाडीचे दिवे त्यात बघून घेतात. उतरून बघायचे कष्ट वाचतात. पोरगी लहान असताना सुट्टीत त्याच्याबरोबर यायची, पहिल्या सीटवर गुडघे टेकून काचेत बघायची आणि सांगायची, "डावा लागला. उजवा लागला, बाबा."

त्यानं गाडी थांबवली. इतकी अलगद, की सचिवांना ते जरा उशिरानंच कळलं.

"काय झालं?"

"दिवे तपासतो, साहेब."

"आत्ता? भर मिरवणुकीत? तिकडे पाहुणे स्टेजवर येऊन बसलेत."

"नियम आहे, साहेब."

असा काही नियम नव्हता. त्यानं मान उजवीकडे वळवली. काचेत अख्खी गाडी उभी होती आणि गाडीवर त्याची पोरगी. केस बारीक कापले होते. हनुवटीला पट्टी होती. फोनवर त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता लबाडीनं. वाळली होती. पण हसत होती ती थेट आईसारखी, सगळे दात दाखवत. त्याचा जीव भांड्यात पडला. चार महिन्यांचं बघणं त्यानं एका दमात उरकून घेतलं.

ती लोकांना हात हलवत होती. हलवता हलवता तिची नजर काचेवर गेली. आधी स्वतःवर, मग जुन्या सवयीनं खाली, दिव्यांवर. मग केबिनच्या खिडकीवर. तिचा हात तसाच वर राहिला.

ड्युटीवर असताना त्यानं कधी कुणाला हात केला नव्हता. आजही स्टिअरिंग सोडलं नाही. फक्त एका बोटानं उजवा दिवा लावला.

काचेत दिवा लुकलुकायला लागला. वर तिचे ओठ हलले. त्या गलक्यात ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण शब्द त्याला पाठ होते. मग ती दोन्ही हात उंच करून त्या बंद बँकेकडे हलवायला लागली.

सचिव वाकून काचेत बघायला लागले. "ही कुणाला हात करतेय? आत तर चिटपाखरू नाही."

ड्रायव्हरनं गिअर टाकला. गाडी हळूच पुढे निघाली.

"अहो, उजवीकडे कुठे? आपल्याला सरळ जायचंय."

"सरळच जातोय, साहेब," तो म्हणाला, आणि दिवा पार स्टेडियमपर्यंत तसाच चालू ठेवला.