चिकटपट्टी

पुठ्ठा कापायच्या मशीनला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच पातं खाली यायचं, म्हणजे हात पात्याखाली सापडायला नको. त्या मशीनवर काम करणाऱ्या काकांनी एका बटणावर चिकटपट्टी लावून ते दाबूनच ठेवलं आणि मोकळ्या हाताची दोन बोटं गमावली. मग मशीन बनवणाऱ्या कंपनीवर दावा ठोकला.

कंपनीने मशीनचा आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरबाईंनाच साक्षीला आणलं. "मॅडम," कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "शहाणा माणूस अशी पट्टी लावेल का?"

साक्षीची तयारी म्हणून परवा बाई पहिल्यांदाच आपल्या मशीनवर दिवसभर उभ्या राहिल्या होत्या. बटणं एकमेकांपासून इतकी लांब, की खांदे भरून आले.

"मी लावली," त्या म्हणाल्या. "दोन तासांत."

वकील उगाच कागद चाळू लागले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वेगळं करता आलं असतं?"

बाईंनी पर्समधून घडी घातलेला नवा आराखडा काढला. बटणं खांद्यांइतक्याच अंतरावर, एक दाबलेलंच राहिलं तर मशीन बंद. "तेव्हाही आलं असतं. एक स्प्रिंग आणि वीतभर वायर लागली असती."

बाहेर व्हरांड्यात काका समोर आले. बाईंना मान वर करवेना.

"मला तरी चार दिवस लागले होते," काका म्हणाले. मग त्यांनी तीन बोटांच्या हातात तो आराखडा धरून नीट पाहिला. "बटणं जरा खाली घ्या. माझ्या जागेवर आता सून उभी राहते, ती बुटकी आहे."