जेवणाच्या वेळचा सिनेमा

लीलावतीबाईंनी पहिला घास घेतला आणि आश्लेषाने आजही तोच सिनेमा लावला.

चातुर्मासात त्या मौनाने जेवत. तोंडातून आवाज निघाला की पानावरून उठायचं, नेम मोडला. नाशिकला इतक्या वर्षांत तो कधी मोडला नव्हता. मग इथे इंग्लंडात लेस्टरला, मुलाच्या घरी तो मोडावा असं सुनेला का वाटत होतं?

सिनेमा जुना, काळापांढरा. अमेरिकेतलं गुरांचं माळरान, रुंद टोप्या घातलेले गडी. त्यातला लठ्ठ गडी घोड्यावरून गायला लागला की घोडा मुकाट्याने खाली बसे, आणि गडी घसरून थेट गुरांच्या हौदात. बाकीचे टोप्या काढून गाणं पुढे चालू ठेवत. लीलावतीबाई ओठ घट्ट मिटून वरणभात कालवत राहत.

खटकायचं ते वेगळंच. आश्लेषा सिनेमा बघतच नसे. समोर बसून सासूबाईंच्या तोंडाकडे टक लावून बघे.

मार्चमध्ये इथे आल्या आल्या लीलावतीबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. तेव्हा सुनेने हॉस्पिटलातून व्यायाम शिकून आणले. आरशासमोर तोंड वेडंवाकडं करायचं. या वयात कसल्या माकडचेष्टा, म्हणून त्यांनी ते उडवून लावले आणि खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकला. त्याचाच राग काढतेय, दुसरं काय. बहिणीलाही त्यांनी फोनवर सांगितलं होतं, बोलते गोड, पण माझ्या नेमावर टपलीय.

आज सिनेमा रोजच्यापेक्षा पुढे गेला. लठ्ठ्याला बाहेर काढायला मालकाने दोर टाकला आणि तोच आत पडला. त्याला धरायला दुसरा, दुसऱ्याला धरायला तिसरा. हौद भरला तरी सगळे सुरात गातच होते. काठावर एकटा घोडा उरला. त्याने त्यांच्याकडे बघून सावकाश जांभई दिली.

लीलावतीबाईंना हसू फुटलं. हातातला घास ताटात सांडला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. मग एकदम भान आलं आणि त्या पानावरून उठल्या.

"झालं समाधान? मोडलास ना माझा नेम?"

आश्लेषाचे डोळे भरून आले होते.

"मोडला, आई. त्याचं पाप माझ्या माथी. पण आज तुमचा डावा गालही हसला."